सभेचा पत्ता

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात आम्ही केलेले भाषण. चिटणीसांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



या मेळाव्यात आम्ही बोलावे असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला होता. 'आजचा विद्यार्थी आणि शिस्त.' वीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस या विषयावर झोपेतही बोलू शकतो आणि श्रोते बहुधा झोपेतच ऐकतात. म्हणून आम्ही अध्यक्षांच्या घरी गेलो आणि विषय बदलून मागितला. त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बोला. पण जपून बोला." तसे बोलण्याचा प्रयत्न करतो.

या वास्तूशी आमचे नाते जुने आहे. तळमजल्यावर मागच्या अंगाला जी खोली आहे, तेथे पूर्वी न्यासाची पुस्तकपेढी होती. आठवीपासून दहावीपर्यंतची आमची सगळी पाठ्यपुस्तके त्या खोलीतून आली. पुस्तके देताना नाव लिहून घेत. जात, धर्म विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. पुस्तक फाटले तर मात्र बोलणी बसत. आज त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि मागच्या गणेशोत्सवाचे मखर आहे. ही खोली लक्षात ठेवावी. भाषणाच्या शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आता विषय. या गावात कोणाही परक्या माणसाने विचारले की बाबा, दारू कोठे मिळते, तर शहापुरापासून कँपापर्यंत वाटेल तो पोरगा बोट करून दुकान दाखवील. पण दारू सोडलेली, सोडू पाहणारी माणसे एकत्र कोठे जमतात, त्यांची सभा कोणत्या वारी, कितीला भरते, हे विचारले तर? आम्ही विचारून पाहिले आहे. पहिल्या सात जणांस ठाऊक नव्हते, आणि आठव्याने "कोणासाठी हवे?" असे विचारले. ते उत्तर नव्हे, चौकशी होती. आम्ही "सहज" म्हणून निघून आलो.

कोणासाठी हवे होते, ते तुम्हांस सांगतो. सगळे सांगत नाही. आमचे एक आप्त आहेत, वयाने आमच्याहून वडील. नाते कोणते, नाव काय, काम कोठे, हे सांगणार नाही. उद्यमबागेत हजारो माणसे काम करतात, त्यांतले एक, एवढे पुरे. बोलण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली आहे. कोणी ओळखण्याचा खटाटोप करू नये. ओळखलेच तर त्यांस चहा पाजावा.

आमच्या समाजात दारू हराम आहे. म्हणून आमच्या समाजात दारू पिणारा कोणी नाहीच, असे समजावयाचे असते. पिणाऱ्याच्या घरचेही तसेच समजतात, शेजारीही समजतात, आणि मशिदीतून बाहेर पडताना कोणी हात धरून विचारीत नाही. विचारले तर आहे असे कबूल करावे लागेल. या लाजेने माणूस दारू सोडीत नाही, फक्त लपवून पितो. आमचे आप्त रमजानचा महिनाभर थेंबही घेत नसत. आम्ही दरवर्षी मनात म्हणत असू, पाहा, सुटली! ईदेच्या दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा तेच. आमच्या शेजारच्या पाटलांच्या घरी हाच प्रकार श्रावणात चाले. गटारीला पोटभर पिऊन महिनाभर माळ घातल्यासारखे राहावयाचे, की मग घरची माणसे सुखावतात आणि पुढच्या अकरा महिन्यांस तोंड द्यावयास पुन्हा बेसावध राहतात. महिनाभर थांबता येते म्हणजे कायमचे थांबता येते, हा आमचा आणि पाटलांचा सारखाच गैरसमज होता.

शपथा तर किती झाल्या! कुराणावर हात ठेवून झाल्या, आईच्या डोक्यावर हात ठेवून झाल्या. शपथ घेताना ते खोटे बोलत नसत, हे आम्हांस फार उशिरा कळले. त्या घटकेला ते अगदी खरे बोलत असत.

मग आम्ही एक गोष्ट केली, ती सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलीच पाहिजे. घरच्या चार पुरुषांनी मिळून त्यांस माडीवरच्या खोलीत कोंडले. दार बाहेरून लावले. जेवण, पाणी आत द्यावयाचे. आठ दिवसांत विष उतरेल, अशी आमची अक्कल. पहिल्या दिवशी हात थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी घाम, ओकाऱ्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंग्या झाडू लागले. भिंतीवर मुंगी नव्हती. आमची ओळख त्यांस पटेना. तेव्हा दार उघडून रिक्षात घालून रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी आम्हांस ज्या शब्दांत झापले, ते शब्द येथे छापण्याजोगे नाहीत, पण योग्य होते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ही तोड डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊन करावयाची असते. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या देतात आणि त्या हळूहळू कमी करीत नेतात. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या मनात माडीवरची खोली असेल, तर ती काढून टाकावी. बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाने हे केले आहे. अडाण्याने केले असे म्हणता येणार नाही.

बरे होऊन घरी निघताना डॉक्टर म्हणाले, "माझ्या गोळ्या थोड्या दिवसांच्या. पुढच्या आयुष्याचे औषध माझ्यापाशी नाही. ह्यांना ह्यांच्यासारख्यांच्या सभेत पाठवा." कोठे भरते, विचारले. त्यांनी टेबलाचा खण उपसून एक जुने पत्रक काढून दिले. त्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस असे नाव, कँपातील एका शाळेचा पत्ता, सोमवार संध्याकाळ सात, आणि एक दूरध्वनी. तो क्रमांक केव्हाच बंद पडला होता.

सोमवारी आम्ही एकटेच पाहणी करावयास गेलो. फाटकाला कुलूप. रखवालदाराला हळूच विचारले, येथे काही सभा भरते का? तो लांबूनच ओरडला, "पिणाऱ्यांची मिटिंग का? ती आता सोमवारी नाही, गुरुवारी!" रस्त्यावरच्या सगळ्यांस ऐकू गेले. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याचा आवाजच तसा. नेमके त्याच वेळी आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील स्कूटरवरून चालले होते. त्यांनी ब्रेक दाबून विचारले, "काय सर, इकडे कुठे?" आम्ही म्हणालो, "शाळेच्या कामाने." आप्तांच्या खोटेपणावर आम्ही वर्षानुवर्षे संतापत आलो होतो, आणि त्यांच्या प्रकरणात चारचौघांत पहिले खोटे बोललो ते आम्ही.

गुरुवारी दोघे गेलो. समोर उसाच्या रसाचा गाडा आहे. आप्त तेथे उभे राहिले आणि अर्धा तास उभेच राहिले. दोन ग्लास रस झाला. आत दिवा दिसत होता, माणसे जाताना दिसत होती. त्यांतले एक त्यांच्याच कारखान्याशेजारचे निघाले. ते पाहताच आप्त म्हणाले, "चल घरी." आम्ही घरी आलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा रस. या खेपेस तो कारखान्याशेजारचा गृहस्थच रस्ता ओलांडून आला. त्याने सभेचे नाव काढले नाही, उपदेश केला नाही. म्हणाला, "चहा टाकलाय. रस पुरे झाला." आप्त त्याच्यामागून गेले. आम्ही गाड्यापाशी राहिलो. दीड तास.

पुढे केव्हातरी आम्हांसही आत बसावयास मिळाले. त्यांच्या सभा दोन तऱ्हेच्या असतात. बंद सभेत फक्त पिण्याचा त्रास असणारे बसतात. खुल्या सभेत घरचे, डॉक्टर, मास्तर, कोणीही. आम्ही खुल्या सभेत बसलो. अकरा माणसे, बाकडी मुलांची, त्यामुळे गुडघे पोटाशी. हजेरीपट नाही. आम्ही आयुष्यभर हजेरीपटावर जगलेले. आम्हांस ते चुकल्याचुकल्यासारखे वाटले. एकेक जण उठून पहिले नाव सांगे, आपण मद्यपी आहोत असे सांगे, आणि आपली हकीकत बोले. दुसऱ्याच्या हकीकतीवर कोणी टीका करीत नव्हता, कोणी "तू असे कर" म्हणत नव्हता. मास्तर माणसाला तासभर कोणास काही न शिकविता बसणे किती अवघड, ते तेव्हा समजले. एक जण म्हणाला, आज माझा नववा दिवस. टाळ्या. एक जण म्हणाला, अकरा वर्षे. टाळ्या तेवढ्याच. तिसरा म्हणाला, चार महिने काढले होते, परवा घसरलो, पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्याला टाळ्या सर्वांत मोठ्या. शेवटी एक डबा फिरला. दहा दहा, वीस वीस रुपये पडले. आम्ही खिशात हात घातला तो शेजाऱ्याने धरला. पाहुण्यांचे पैसे ते घेत नाहीत.

सभेची भाषा विचाराल, तर अर्धी मराठी, अर्धी कानडी, अर्धी हिंदी. तीन अर्ध्या मिळून एक कशी होते, ते गणिताच्या शिक्षकांस विचारावे. आपल्या या गावात दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. त्या खोलीत सीमाप्रश्न आलेला आम्ही पाहिला नाही. कानडीत कोणी रडला तर मराठी माणसाला ते कळत होते.

ही सभा कोठून आली, ते थोडक्यात सांगतो, कारण तिचा उगमही एका पत्त्याच्या शोधातच आहे. मे १९३५. अमेरिकेतील अॅक्रन नावाच्या गावी बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला गृहस्थ धंद्याच्या कामाने आलेला. दारूपायी सर्वस्व घालवून बसला होता. पाचेक महिन्यांपूर्वी सोडली होती. ज्या कामासाठी आला ते फसले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा. एका बाजूला बार, तेथला हसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला दूरध्वनी आणि गावातील चर्चची यादी. त्याच्या मनात आले की आता आपल्याला वाचवावयास दुसरा एखादा दारुडाच पाहिजे, ज्याच्याशी बोलता येईल. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन केला. त्याने काही नावे दिली. फोनवर फोन करता करता हेन्रिएटा सायबर्लिंग नावाच्या बाईंशी गाठ पडली. त्यांच्या ओळखीचे एक शल्यविशारद होते, डॉ. रॉबर्ट स्मिथ; हात थरथरेपर्यंत पिणारे. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि रात्री अकरापर्यंत बसले. आजवर त्यांस दारूविषयी पुष्कळांनी सांगितले होते, पण सांगणारा स्वतः त्या वाटेने गेलेला, असा हा पहिलाच. डॉक्टर त्यानंतर एकदा घसरले. १० जून १९३५ नंतर मात्र कधी प्याले नाहीत. तोच दिवस या मंडळींचा स्थापनादिन. १९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि १९५७ च्या सुमारास मुंबईत सभा भरू लागल्या.

आम्हांस या हकीकतीत दूरध्वनीशेजारची ती यादी फार मोलाची वाटते. त्या गावात फोन उचलणारे कोणी नसते, "ह्यांना विचारून पाहा" म्हणणारे कोणी नसते, तर?

धर्माचे काय, असे आमच्या घरी वडीलधाऱ्यांनी विचारले. सभा चर्चच्या शाळेत भरते, तेथे प्रार्थना होते, हे काय प्रकरण? प्रश्न रास्त होता. ही चळवळ एका ख्रिस्ती मंडळातून निघाली हे खरे, पण थोड्याच वर्षांत ती वेगळी झाली. आपल्याहून मोठी अशी एक शक्ती मानावी आणि ती ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानावी, एवढेच ते सांगतात. आमचे आप्त मगरिबची नमाज आटोपून सभेला जातात. पाटील कपाळाला बुक्का लावून येतात. (होय, पाटीलही येतात, त्यांनी स्वतःच सांगावयास सांगितले आहे, आणि पाटील आपल्याकडे पुष्कळ आहेत.) एक जण देवच मानीत नाही. तो म्हणतो, ही अकरा माणसे माझ्याहून मोठी आहेत, मला तेवढे पुरते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे भावनेचे झाले, गुण येतो का? सांगतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात सत्तावीस अभ्यास आणि १०,५६५ माणसे होती. दारूपासून संपूर्ण दूर राहण्याच्या कामी या सभांकडे नीट, पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे, कित्येकदा सरस ठरले. म्हणजे रामबाण ठरले असे नव्हे. कित्येक जण दोन सभांनंतर येत नाहीत. कित्येकांना मानसोपचार लागतो, गोळ्या लागतात, काही दिवस केंद्रात राहावे लागते. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाचा हात होता, हे आपण वाचले असेल. धारवाडास आणि बंगळुरास मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्था आहेत. यांतले एक घेतले म्हणजे दुसरे सोडावे असे नाही. आमच्या आप्तांच्या गोळ्याही चालू होत्या आणि सभाही.

दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे या देशात सुमारे सोळा कोटी माणसे दारू घेतात. त्यांपैकी सुमारे पाच कोटी सत्तर लाख अशी, की ज्यांचे पिणे त्रासाच्या किंवा व्यसनाच्या थरास गेले आहे आणि ज्यांस मदतीची गरज आहे. आणि व्यसनात सापडलेल्या अडतीस जणांमागे एकाच्या वाट्याला काही उपचार येतो. बाकीचे सदतीस कोठे आहेत? आमच्या मते बरेचसे रसाच्या गाड्यापाशी उभे आहेत. जुन्या मंडळींस आठवत असेल, १९५६ पर्यंत आपले गाव मुंबई राज्यात होते आणि त्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता. तेव्हाही पिणारे पीत, असे आमचे आजोबा सांगत. कायदा असावा की नसावा, हा वाद येथे घालीत नाही. पिणाऱ्याला थांबावेसे वाटेल त्या संध्याकाळी जावयास जागा नसली, तर कायदा असला काय नि नसला काय.

घरच्यांविषयीही बोलले पाहिजे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली घरच्यांसाठी वेगळी मंडळी काढली, अल्-ॲनॉन. नवरा दारू सोडो न सोडो, बायकोने कसे उभे राहावे, ते तेथे बोलले जाते. आमच्या घरातील एक बाई अशा सभेला फोनवरून बसतात. २०२० च्या टाळेबंदीपासून अशा सभा पडद्यावर भरू लागल्या, ती सोय बायकांना फार झाली. दाराला कडी लावून, कानात यंत्र घालून बसता येते. इतकी वर्षे त्या बाटल्या शोधून ओतून देत आणि कारखान्यात "ताप आहे" असा निरोप पाठवीत. आता दोन्ही बंद केले आहे. दारू ही फक्त पुरुषांची गोष्ट असेही समजू नये. पिणाऱ्या बाईची लाज आणखी मोठी, आणि तिच्यासाठी विचारणारे कोणी नाही. ज्या ठिकाणी विचारावयाचे तेथे बायकांची सभा आहे का, असे स्पष्ट विचारावे.

आणि मुले. दप्तर न उघडता सोमवारी पहिल्या तासाला झोपणारा मुलगा, सहलीचे पत्र घरी न देणारा मुलगा, संध्याकाळी शाळा सुटल्यावर घरी जावयास नाखूश मुलगा, अशा मुलांस आम्ही अनेक वर्षे 'शिस्त नाही' या सदरात घातले. चिटणीसांनी सुचविलेला विषय आम्ही अगदीच सोडला नाही, हे त्यांच्या लक्षात यावे.

मग पत्ता शोधावा कसा? आम्ही ठेचा खाऊन शिकलो ते सांगतो. पत्रकावर विसंबू नये. वार बदलतो, जागा बदलते, सांगणारा बदली होऊन जातो. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठी फुकट दूरध्वनी आहे, १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६. तेथे आपली भाषा सांगून विचारावे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातील संकेतस्थळावर गावोगावच्या सभांची चौकशी करता येते. सभेतल्या कोणाशी बोलणे झाले की वार आणि वेळ तर विचारावीच, पण कोणत्या दाराने यावयाचे, कोणत्या भाषेत चालते, आणि पहिल्या दिवशी दारात कोणी भेटेल का, हेही विचारावे. हा शेवटचा प्रश्न विचारावयास आम्ही विसरलो म्हणून दोन आठवडे रस प्यालो. गावात लाज वाटत असेल तर कोल्हापूरची गाडी आहे, गोव्याची आहे. तेथेही सभा भरतात. आणि पहिली सभा आवडली नाही म्हणून सोडू नये, चार-सहा ठिकाणी बसून पाहावे. प्रत्येक सभेचा स्वभाव वेगळा असतो, जसा प्रत्येक वर्गाचा असतो. पैसे कोठेच पडत नाहीत. कोणी प्रवेश फी मागितली, बाधा उतरविण्याची पुडी दिली, चहातून गुपचूप औषध घालण्याचा सल्ला दिला, तर ती सभा नव्हे, तेथून उठावे.

आता त्या खोलीकडे येतो.

कँपातली सभा शहापूर-वडगावच्या माणसास लांब पडते. मागावर काम करणाऱ्याची पाळी सुटते, तोवर कँपात सभा संपलेली असते. सभेतल्या तिघा-चौघांच्या मनात आहे की या बाजूस रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ एक सभा सुरू करावी, मुख्यतः मराठीत. त्यांस एक खोली हवी आहे, एक नळ, वीस खुर्च्या. पुस्तकपेढीची खोली रविवारीच काय, सगळेच वार रिकामी आहे. मागच्या बोळातून तिला वेगळे दार आहे. हे दार फार महत्त्वाचे.

हे आम्ही दोघा-तिघा विश्वस्तांजवळ खाजगीत बोललो आहोत. एकांनी विचारले, वर मुलांचे संस्कारवर्ग भरतात, खाली दारुडे कसे बसवावयाचे? आम्ही म्हणालो, संस्कारवर्ग सकाळी असतो. आणि त्या खोलीत बसणारे संध्याकाळी दीड तास हमखास न प्यालेले असतात. गावात दुसऱ्या कोणत्या सभेविषयी असे खात्रीने सांगता येईल? दुसऱ्यांनी विचारले, सभागृहात लग्ने होतात, लोक काय म्हणतील? आता येथे थोडे स्पष्ट बोलतो. आपल्याकडच्या वरातींतील किती मंडळी त्याच मागच्या बोळात पेल्यासह उभी असतात, ते झाडणाऱ्या मावशींस विचारावे. त्यांस आपण अनामत घेऊन सभागृह देतो. तिसरे विश्वस्त काही बोलले नाहीत. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि मग आम्हांस फाटकापर्यंत पोहोचवावयास आले. फाटकाशी त्यांनी विचारले, "तुमच्या कँपातल्या सभेत दारात कोणी भेटेल का?" आम्ही कोणासाठी, असे विचारले नाही.

एक विनंती आणखी. न्यास उदार आहे, खोली फुकट देऊ म्हणेल. फुकट देऊ नये. बाहेरची देणगी घ्यावयाची नाही, आपला खर्च आपण भागवावयाचा, असा त्यांचा नियम आहे, आणि तो मोडावयास लावला तर ते येणार नाहीत. भाडे थोडे ठेवावे, पण ठेवावे. फलकावर त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवू नये, 'रविवार सायं. ७, मागील दार' एवढे पुरे. उद्घाटन नको, नारळ नको, छायाचित्र तर मुळीच नको. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात हे अवघड आहे, आम्ही जाणतो. रखवालदार काकांस मात्र एकदा समजावून सांगावे. कोणी येऊन हळू आवाजात विचारले, तर त्यांनीही हळूच सांगावे.

विश्वस्तांची बैठक येत्या दहा तारखेस आहे असे कळते. हे पाकीट खजिनदारांपाशी देतो. त्यात पहिल्या महिन्याचे भाडे आहे, दहा-वीसच्या नोटा आहेत, मोजून घ्याव्यात. ठराव झाला नाही तर परत करावे. झाला तर पावती फाडावी, आणि नावाची जागा कोरी ठेवावी.